मुठीचं गाडगं

आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही ब्रह्मपुरीकडच्या एका धानाच्या गावात राहत होतो. नवरा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. दवाखान्याच्या आवारातच आमचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर होतं, शेजारी देऊळ, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनेचं, आणि दोन्हींच्या मागे तलाव. तलावाच्या पाळीपलीकडे झाडी सुरू व्हायची. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि आमचा मुलगा. त्याला तीन वर्षं पुरी होत आली होती आणि तो एक शब्द बोलत नव्हता.

ऐकू चांगलं यायचं. नवऱ्याने त्याच्या पाठीमागे उभं राहून बाटलीवर चमचा वाजवून पाहिला होता, मान लगेच वळली. समजही होती. सांगितलेली वस्तू आणून द्यायचा. फक्त बोलत नव्हता, आणि हाक मारली तर ओ देत नव्हता.

बोलेल तेव्हा बोलेल म्हणून मी थांबले असते. पण मिशनच्या शाळेत शिशुवर्गाची जागा रिकामी झाली होती. मी लग्नाआधी शिक्षिकेची परीक्षा पास झाले होते आणि ती नोकरी मला मनापासून हवी होती. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, नाताळची सुट्टी संपेपर्यंत जागा ठेवते, पुढे नाही. म्हणजे मुलाला दिवसभर सासूबाईंजवळ ठेवायचं. त्यांची अट एकच होती.

"सांभाळनं माह्याच्यानं होते," त्या म्हणाल्या. "पन माह्ये डोये अधू. पोरगा मले आवाजावरच सापडाचा. हाक मारली अन् त्यानं ओ नाई देली, त मी त्याले तलावात पाहू का झाडीत पाहू?"

सुट्टी संपायच्या आत त्याला ओ द्यायला शिकवायचं मी ठरवलं. मी कामाला लागले. माझं कुठलंही काम यादीपासून सुरू होतं. दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं: सकाळी निवडणे, दुपारी ओतणे, ऊन उतरल्यावर माती, प्रार्थनेआधी गाणे, शेवटी हाक.

निवडणे सोपं होतं. सुपात चिंचोके आणि लाखोळीचे दाणे मिसळून द्यायचे आणि दोन वाट्या पुढे ठेवायच्या. तोंडात काही जाऊ नये म्हणून मी तिथेच भाजी चिरत बसायची. ओतण्यासाठी दोन लोटे आणि खाली परात, सांडलेलं पाणी पपईला. अंगणात सागाचं, पळसाचं आणि आवळ्याचं पान ठेवून मोठं, मधलं, लहान अशी रांग लावायची. सागाचं पान रांगेत कधीच टिकलं नाही, ते त्याच्या डोक्यावर जायचं.

मातीचा तास सासूबाईंनी घेतला. तलावाच्या काठची चिकणमाती आणून त्या प्राणी करायच्या, आणि ते बायबलातल्या महापुरासारखे जोड्याजोड्यांनी तारवात चढवायचे. तारू म्हणजे कडा उसवलेली बांबूची टोपली.

"हे काय, डुक्कर?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"हत्ती आहे तो. सोंड वाळून पडली. तुह्या औषधानं लागते का पाह."

जोडीची कल्पना मुलाला इतकी पटली की दोन असलेली कुठलीही वस्तू त्या टोपलीत जाऊ लागली. एका सकाळी नवरा चपला शोधून थकला, दवाखान्याची घंटा झाली, तेव्हा त्या तारवात बैलजोडीच्या बाजूला नीट लावलेल्या सापडल्या. सासूबाई म्हणाल्या, "वाचल्या म्हन. बाकीचं सारं बुडालं असतं."

प्रार्थनेआधीच्या गाण्यात तो सगळे हातवारे बरोबर करायचा. तारे लुकलुकायचे, मेंढरं घरी यायची, बोटं अगदी तालात. तोंड मात्र बंद. आणि शेवटचं काम, हाकेचं, ते तर पुढे सरकतच नव्हतं. नवरा दारामागे लपायचा, मी हाक मारायची, तो "ओ" म्हणायचा. मुलगा टाळ्या वाजवायचा. मग त्याची पाळी. तो पेटीच्या आड इतका छान लपायचा आणि इतका गप्प बसायचा की मलाच शोधायला लागायचं.

"नवऱ्याले बरं शिकवलं तू," सासूबाई म्हणाल्या. "आता पोराचं पाह."

एक काम यादीत नव्हतं, कारण ते शिकवण्यातलं मी धरलंच नव्हतं. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ आधी वेगळ्या गाडग्यात टाकतात. ती देवाची. हंगामाच्या सणाला ते गाडगं देवळात न्यायचं. ही मूठ मी मुलाकडे सोपवली होती, तेवढाच माझा एक हात मोकळा राहायचा. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं की तो असेल तिथून धावत यायचा, डब्यात हात घालायचा, मूठ घट्ट धरून गाडग्यापर्यंत जायचा आणि एकही दाणा न सांडता आत सोडायचा.

"देवाच्या वाट्याला फारच कमी जातंय," नवरा म्हणाला.

"देव काय त्याची मूठ मोजत बसला आहे?" सासूबाई म्हणाल्या.

कापणी झाली आणि सण आला. देवळाच्या दाराला धानाच्या लोंब्या बांधल्या होत्या. पुढे भोपळे, ऊस, वांगी, आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो भक्तीच्या वेळीही आपलं म्हणणं मांडत होता. एकेक घरची बाई पुढे जाऊन आपलं गाडगं मोठ्या चटईवर रिकामं करत होती. बघता बघता तांदळाची रास झाली. मागे भिंतीशी रिकामी गाडगी ओळीने ठेवली होती. आमचं गाडगं मुलानेच माझ्याबरोबर धरून ओतलं. ते रिकामं झालेलं बघून त्याचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं होतं. पण मला जागेवर जायची घाई होती.

मग पाळकांनी प्रार्थना सुरू केली. हंगामाची प्रार्थना लांब असते. पाऊस, धान, बैल, नांगरणारे, आजारी, प्रवासातले, सगळे येतात. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आमेन झाला, मी डोळे उघडले, आणि सासूबाईंच्या शेजारची जागा रिकामी होती. तलावाकडचं बाजूचं दार उघडं होतं.

सासूबाई माझ्याआधी बाहेर पडल्या, मागोमाग सगळं देऊळ. त्यांना इतक्या भराभर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. पाळीवर उभं राहून त्यांनी हाक मारली, मी मारली, नवऱ्याने मारली. नावाने मारली, लाडाने मारली, खाऊ देते म्हणून मारली. उत्तर नाही. पाण्यात एक मासे धरणारा माणूस जाळं ओढत होता.

"भाऊ, लहान पोरगा दिसला का?"

"इथी कोनी नाई आलं, बाई. मी सकायपासून इथीच आहो. झाडीत पाहा."

पाण्याची भीती गेली, झाडीची राहिली. नवरा आणि दवाखान्यातले दोघे तिकडे धावले. मी तिथेच हाका मारत राहिले. माझा आवाज चिरकायला लागला होता, आणि शाळा, शिशुवर्ग, सगळं त्या घटकेला मी सोडून दिलं होतं.

सासूबाई मात्र हाका मारायच्या थांबल्या. वळून देवळाकडे चालू लागल्या. मी मागे गेले. दारात पोहोचल्यावर त्यांनी आपल्या नेहमीच्या, चुलीपुढच्या आवाजात विचारलं:

"भात मांडाचा आहे. मूठ कोन टाकते?"

"ओ," राशीच्या मागून आवाज आला.

तांदळाची रास आणि भिंत यांच्यामध्ये तो उकिडवा बसला होता. पुढे गावातली सगळी रिकामी गाडगी. राशीतून मूठ भरायची, एका गाडग्यात टाकायची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. घरी मोठ्यातून लहानात टाकायचं असतं, तेच तो इथे करत होता. पाऊस, धान, बैल आणि प्रवासी होईपर्यंत त्याने बरीच मजल मारली होती. आम्हाला बघून त्याने भरलेला हात वर केला, म्हणजे थांबा, आणि म्हणाला, "मूठ."

माझ्या मागे लोक जमा झाले. पाळकांनी गाडग्यांत डोकावून पाहिलं.

"इतकी वर्षं मी तुम्हाला द्या, द्या म्हणतो आहे," ते म्हणाले. "घरोघरी परत करणारा आजच पाहिला."

देऊळभर हशा पिकला. शेजारची नर्स आपलं गाडगं उचलून म्हणाली, "माह्यात सगळ्यांपेक्षा जास्त टाकले. कोनी हात लावू नका, पोराचा जीव आहे माह्यावर."

तांदूळ परत राशीत ओतायला नवरा पुढे झाला तर मुलाने मोठं भोकाड पसरलं. शेवटी पाळकांनीच तोड काढली. गाडग्यांतले तांदूळ तिथेच शिजवायचे. बायकांनी चुली मांडल्या, पुढची वांगी चिरली, आणि दुपारी सगळे पंगतीला बसले. कोंबडा सणाला आलेल्या वस्तूंच्या लिलावात गेला. मुलगा पानावरही "मूठ" म्हणत होता. दुसरा शब्द त्याने "भात" निवडला.

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "सांग तुह्या मोठ्या बाईले. येते म्हन."

"एकदाच ओ दिली, आत्याबाई."

"एकदा देते तो पुन्हाही देते. पन हाकेत काम पाहिजे. उगाच बलावलं त कोन येईल? तू येते का?"

मी येत नव्हते, हे खरंच होतं. घरी गेल्यावर दारावरची यादी पुसून नवी लिहिली. शेवटची ओळ काढून टाकली आणि सगळ्यात वर सासूबाईंनी सांगितलं ते लिहिलं: बकरीला पाला, कोंबड्यांना कणी, चुलीला काटक्या, गाडग्यात मूठ.

नाताळची सुट्टी संपली. पहिल्या दिवशी मी शाळेला निघाले, तेव्हा तो माझ्याकडे बघायला रिकामा नव्हता. आवाराच्या फाटकापर्यंत मला मागून ऐकू येत होतं.

"बकरीले पाला कोन टाकते?"

"ओ."

"चिंचोके कोन उचलते?"

"ओ."

"अन् बापाच्या चपला कोनं लपवल्या?"

यावर काही उत्तर आलं नाही. मी पाऊल उचललं आणि शाळेत वेळेवर पोहोचले.