जीपवरची एरियल मी बदलली

महादू गेला. पहाटे, झोपेतच.

साठ वर्षं मी त्या माणसाशी खोटं बोललो. ते आज इथे लिहितोय. वरच्या दोन ओळी वाचून आरआयपी टाकून पळू नका, पूर्ण वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.
साठच्या दशकात मी एका सरकारी खात्यात वायरलेस ऑपरेटर होतो. किनाऱ्यावर चोरटा माल उतरायचा, म्हणून आमची जीप दिघीच्या आसपास फिरत असायची. महादू ड्रायव्हर. बोर्ली पंचतनचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तरी मला साहेब म्हणायचा.

जीपला एरियल कोणती लावायची हे ठरवणं माझं काम. स्टोअरमधून दोन आल्या होत्या.

एक बारा फुटी, पोलादी, मागच्या बंपरवर उभी राहणारी. डोंगराआडूनही हेडऑफिसला आवाज पोचायचा. पण नारळी-पोफळीच्या वाड्यांत झावळ्यांना अडकायची, मग वाकवून सुतळीने पुढे बांधायची.

दुसरी चार फुटी, बुडाशी कॉइल. कुठे अडकत नाही, पण डोंगर आडवा आला की सेट मुका.

मी लांब लावली. कोणीही शहाण्याने तीच लावली असती.

पहिल्याच महिन्यात ती वाजली.

दिघीच्या धक्क्यावर, भर दुपारी. तोंड मिटून कुणीतरी हुंकार द्यावा तसा बारीक, लांबट आवाज.
संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी एक पडाव बुडाला.

पुन्हा वाजली तेव्हा दोन होड्या गेल्या.

मी महादूला समजावलं, "अरे, वाऱ्याने तार वाजते, तशी ही वाजते. वादळाआधी वारा फिरतो, एवढंच."

"व्हय साहेब. पन वाजते ना?"

कपाळ माझं!

मग धक्क्यावर रीतच पडली. होडी सोडण्याआधी खलाशी आमच्या जीपकडे यायचे. "काठी बोलली काय?" महादू न्हाय म्हणाला की होडी सुटायची. कुणीतरी एरियलच्या बुडाशी लिंबू-मिरची बांधली. मी तोडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेली.

मी महादूवर खेकसायचो. तो हसायचा. त्याचा धाकटा भाऊ पांडू तिथल्याच होडीवर होता, आगरदांड्याला माणसं पोचवायचा. तो तर चहाचा ग्लास घेऊन एरियलखालीच बसायचा.

मग ती दुपार आली.

वारा अजिबात नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. जीप बंद, महादू जेवायला गेलेला, धक्क्यावर मी एकटा.

आणि ती वाजायला लागली.

मी उतरलो आणि तिला मुठीत घट्ट धरलं. धरली की थांबायला हवी. सायन्स आहे ते.
थांबली नाही.
कंप मनगटातून दंडात चढला. मग माझे दात वाजायला लागले.

सोडून दिली. कुणाला बोललो नाही. त्या दिवशी एकही होडी बुडाली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. त्यामुळेच जास्त भीती वाटली. कुणासाठी वाजली, तेच कळेना.

तिसऱ्या दिवशी मी लांब एरियल काढली आणि आखूड बसवली. महादूला सांगितलं, "हेडऑफिसचा हुकूम आलाय."

तो हात जोडून उभा राहिला. "साहेब, लिवा ना त्यांना. काठी ऱ्हाऊ द्या. तिला इचारून लोकं पान्यात जातात."

"हुकूम म्हणजे हुकूम," मी म्हणालो.

आठ दिवस गेले. लोक आता त्या आखूड एरियललाच विचारून होड्या सोडायचे. समुद्र अगदी शांत. पांडू रिकामी होडी पलीकडे न्यायला एकटाच निघाला. निघताना त्याने हाक मारली, "दादा, काय म्हनते?"

महादूने त्या चार फुटी एरियलकडे पाहिलं. "गप हाय. जा."

गप असणारच होती. तेवढीशी एरियल वाजत नाही. हे मला माहीत होतं. मी जीपमध्येच बसलो होतो. तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी होडी खडकांत सापडली, उलटी झालेली. पांडू कधीच सापडला नाही.

त्यांची आई माझ्यादेखत महादूला म्हणाली, "तू त्याला जा म्हनालास."

महादू म्हणाला, "व्हय आये. मीच."

हुकमाचं नावसुद्धा त्याने काढलं नाही. आणि मी तिथे उभा राहून जमिनीकडे बघत होतो. आजही त्याची लाज वाटते.

नंतर साठ वर्षं दर गणपतीत त्याच्या घरी गेलो. यंदा सांगायचंच, असं ठरवून जायचो आणि वालाचं बिरडं खाऊन परत यायचो. तो मात्र त्यानंतर कुणालाच कधी "जा" म्हणाला नाही. नातवंडं शाळेत निघाली तरी आत निघून जायचा.

आज सकाळी त्याच्या मुलाचा, दिनेशचा फोन आला.
"काका, बाबांनी सांगून ठेवलंय. खांदा द्यायला भावाच्या जागी तुम्ही."

दिनेश, म्हणून हे लिहिलं. हुकूम कुठूनही आला नव्हता. मी भ्यालो होतो. तुझे बाबा जन्मभर ज्यासाठी स्वतःला दोष देत राहिले, ती चूक माझी होती.

हे वाचून झालं की फोन कर. नको म्हणालास तर इथूनच हात जोडेन. ये म्हणालास तर गाडी सांगून ठेवली आहे, गुडघे काय म्हणायचे ते म्हणोत.

महादूदादा, पांडूला तू पाठवलं नाहीस. मी पाठवलं.

माझा नमस्कार घे.