चालू लोडवरचा दांडा

शाळा चौथीपर्यंत झाली, पण आमची अख्खी सूतमिल माझ्या शिटीवर थांबायची. मी पॉवरहाउसवाला होतो. हे सांगताना मला अजून लाज वाटत नाही.

वर्धा जिल्ह्यातली ती मिल. कापसाच्या हंगामात आजूबाजूच्या जिनिंगा सुरू झाल्या की विजेचा दाब उतरे. मग दाब परत वर आणायला ट्रान्सफार्मरमधला जोड एक पायरी सरकवावा लागे. जुन्या ट्रान्सफार्मरवर हे वीज चालू ठेवून करता येत नसे. मी शिटी फुंकायचो, कताई खात्यातली यंत्रं थांबायची, मग मी मेन स्विच ओढून पायरी बदलायचो. यंत्रं थांबली की धागे तुटत आणि बाया मला शिव्या घालत. घालोत.

कताईचा मुकादम मला पाण्यात पाहायचा. मीही त्याला. नवा ट्रान्सफार्मर घ्यायचं ठरलं तेव्हा इंजिनियर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

मुकादम म्हणाला, "साहेब, चालू लोडवर पायरी बदलते, असाच घ्या. रोज धागा तुटून राह्यला."

मी म्हणालो, "चालत्या विजेवर जोड सोडला तर ठिणगी पडन. ट्रान्सफार्मरातलं तेल काळं होईन. मंग?"

"पायरी बदलणाऱ्या स्विचला तेलाची वेगळी टाकी मागवू," साहेब म्हणाले. "आणि तो पुढची पायरी धरल्याशिवाय मागची सोडत नाही, म्हणून वीज तुटत नाही."

"याले तेलाचं काय पडलं, साहेब!" मुकादम हसला. "शिटी वाजवाले भेटणार नाई म्हून रडून राह्यला."

लागलं मला. म्हणालो, "ठीक हाय. मंग पायरी बदलाले मोटर नका मागवू. हातानं फिरवाचा दांडा पाह्यजे. आन थो माया हातात."

साहेबांनी मागणीपत्रात तसंच लिहिलं.

ट्रान्सफार्मर बसला. पहिल्याच संध्याकाळी दाब उतरला. मी दांडा फिरवला, आत खट् वाजलं. कताई खात्यात जाऊन पाहिलं, तर एकाही बाईनं मान वर केली नव्हती. मुकादम सुपारी कातरत बसला होता.

"काऊन बे, केव्हा फिरवतं?"

"फिरवला."

"फिरवला? आन कोणाले समजलंबी नाई!" तो बायांकडे वळून ओरडला, "पाहा वं, हा गडी आता नसला तरी चालते!"

बाया हसल्या. त्या हसल्या ते मी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी दांडा फिरवण्याआधी मी शिटी फुंकली. चांगली जोरात. वीज चालूच होती, पण बायांच्या हातांना कित्येक वर्षांची सवय. सगळ्या खात्यानं यंत्रं थांबवली. धागे तुटले.

मुकादम धावत आला. "अबे, वीज चालू हाय! शिटी काऊन वाजवली?"

"पायरी बदलाच्या आधी शिटी वाजते. तुये लोकं यंत्र थांबवते, त्याले मी काय करू?"

साहेबांनी दोघांनाही बोलावलं. मी दांडा काढून हातातच घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "उद्यापासून शिटी बंद. गुपचूप फिरवायचं."

"चोरासारखा नाई फिरवत, साहेब."

"मग दांडा मुकादमाकडे दे."

मुकादमानं हात पुढं केला. मी दांडा त्याच्या हातात दिला नाही. साहेबांच्या टेबलावर आपटला, टेबलाची काच तडकली. त्याच दिवशी मला पंपघरावर धाडलं, आणि नोकरी संपेपर्यंत मी तिथंच पाणी ओढलं.

पुढं मुकादम बाजारात भेटे, राम राम घाले. मी घेतला नाही. तो मेला तेव्हा त्याच्या पोराचा निरोप आला. मयतीला गेलो नाही.