डीटरसाठी बादलीभर बर्लिन

"वहिनींना नको सांगूस. घाबरतील. आणि तशाही त्या बोलतात कुठे काय!"

निखिल हे माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच नवऱ्याच्या, समीरच्या, कानात कुजबुजत होता. मी दाराबाहेर, हातात वाळलेले कपडे. लग्नाला तीन महिने, आइंडहोव्हनला येऊन दोन. गप्प बसणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. त्याच्यासमोर कुणी सावरून वागतच नाही!

बेत असा होता : समीर-निखिलच्या ऑफिसातला डीटर, बर्लिनचा. आम्हाला घर मिळेपर्यंत त्यानं आपली बेडरूम आम्हाला दिली आणि स्वतः सोफ्यावर झोपला. आता त्याची तैवानला बदली झालेली. इथली बिअर त्याच्या लेखी पाणी! म्हणून निरोपाला घरी केलेली, गव्हाची जर्मन बिअर. वेळ एकाच घाण्यापुरता. आणि बादली ठेवायची माझ्याच ओट्याखाली, म्हणून गुपित तासभरही टिकलं नाही.

*

निखिलनं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, सायकलवरून आणला. पिशवीला भोक! तो दारात पोचला तेव्हा मागे कालव्यावरची सात बदकं, शिस्तीत.

"वहिनी, पार्सल आलंय," तो म्हणाला. "आणि पाहुणे."

*

माल्ट उकळायला लागला आणि शेजारच्या डच आजींनी बेल वाजवली.

"किती छान वास! रोज हेच करत जा ना!"

माझ्या दोन महिन्यांच्या फोडण्यांचा एका वाक्यात निकाल!

*

ऑफिसात नॅनोमीटर मोजणारे हे दोघं. बिअरचं तापमान बघायला आणलं काय, तर ताप मोजायचं थर्मामीटर! पारा बेचाळीसला टेकला.

"पेशंट सीरियस आहे," निखिल म्हणाला.

गार झाल्यावर यीस्ट घालायचं, तर समीरनं आधी बादलीला हळदीकुंकू लावलं.

"अरे, दारू आहे ती!"

"नवीन प्रोजेक्ट आहे ना? मग!"

*

पुण्याहून सासूबाईंचा फोन.

"आज काय केलंस गं?"

बादली शेजारीच डुबुक डुबुक करत होती.

"आंबवायला ठेवलंय, आई."

"गुणाची पोर!"

एक अक्षर खोटं नव्हतं!

*

निरोपाच्या आठवडाभर आधी पहिली बाटली उघडली. आंबट! चिंचेसारखी!

"तू यीस्ट जास्त घातलंस!"

"तू झाकण उघडून बघत होतास, दर तासाला!"

समीर त्या दिवशी जेवला नाही. "त्यानं आपल्याला घर दिलं गं," एवढंच म्हणाला.

निरोपाला समीरनं मान खाली घालूनच ग्लास पुढे केला. "सॉरी, डीटर. बिघडलीय."

डीटरनं एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग समीरला असं काही कवटाळलं, की समीरचा चष्मा पडला!

"साधी गव्हाची बिअर कुणीही करतं. ही बर्लिनची आंबट बिअर आहे! आजोबा गेल्यापासून प्यायलो नव्हतो!"

"प्रोसेस कंट्रोल," निखिल लगेच म्हणाला.

डीटरनं खिशातून पेन काढलं. "सांगा, हा आंबटपणा आणलात कसा?"

समीरनं निखिलकडे पाहिलं. निखिलनं छताकडे.

मी भज्यांची प्लेट खाली ठेवली.

"लिहून घे, डीटर," मी म्हटलं. "सकाळी एका डावानं दुधाला विरजण लावायचं. आणि बिअर गार झाली की तोच डाव, न धुता, या दोघांनी ढवळायला घ्यायचा."