भजनी मंडळाचे सात फोन

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ह्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग माझ्याकडे उरलंय, तेही जेवताना केलेलं. नागपूरहून भोपाळला बदली कशी झाली ते हे सांगताहेत, आणि वर कूलरची घरघर, कुकरच्या शिट्ट्या. मला ह्यांना एकदा नीट ऐकायचं होतं. बस्स, एवढंच.

लेक म्हणाली, "आवाज साफ करता येतो, आई. पण माझ्या एकट्या फोनला झेपायचं नाही, आणि बाबांचा आवाज मी इंटरनेटवर कुठे पाठवणार नाही. जवळ जवळ ठेवलेले सात-आठ फोन मिळाले, तर ते काम आपसात वाटून घेतील."

"म्हणजे तुझे बाबा तुकडे होऊन सात फोनांत जाणार?"

"जातात आणि साफ होऊन परत येतात."

"आणि भजनी मंडळातल्या एखादीच्या फोनमध्ये राहिले तर?"

तिने कपाळाला हात लावला. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, तरी मी हो म्हणाले.

मंगळवारी दुपारी भोपाळच्या अवधपुरीत आमच्याकडे भजन असतं. लेकीने मंडळातल्या सातही जणींच्या फोनमध्ये काहीतरी टाकलं आणि फोन दिवाणावर ओळीने मांडले. एक म्हणाली, "अहो, माझी बॅटरी खाणार वाटतं तुमचे हे!"

"खातील. तुमच्याकडचा चिवडा काय कमी खाल्ला त्यांनी?"

भजन रंगलं. आरतीची वेळ झाली आणि मी नेहमीच्या सवयीने गरजले, "चला, फोन बंद!" मंडळात माझ्या शब्दाबाहेर कोण जातंय? सातही जणींनी पटापट आपापले फोन बंद केले.

लेक आतून धावत आली. "आई! अगं, काय केलंस हे? काम अर्धंच झालं होतं!"

"आता कुठे राहिले ते? कुणाच्यात?" मी एकेकीच्या फोनकडे बघत सुटले.

"कुठे जात नाहीत बाबा. मूळ माझ्याकडे आहे. पुन्हा करू."

मग काय, फोन चालू ठेवूनच आरती झाली. मंडळात असं पहिल्यांदाच घडलं. आरतीनंतरही एकही बाई उठली नाही.

शेवटी लेकीने आवाज लावला. नुसते हे! समोर बसून बोलल्यासारखे. माझे डोळे भरून आले. हे बोलता बोलता थांबले, हसले आणि म्हणाले, "बरं बाई, तू म्हणतेस तर तसं." पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा थांबले. "नाही गं, ट्रक नव्हता, मेटॅडोर होती."

हे बोलताहेत कुणाशी?

अगं बाई, माझ्याशीच की! पोळ्या लाटता लाटता मी ह्यांचं एकेक वाक्य दुरुस्त करत होते. "माझा आवाज कुठे गेला गं?"

लेक खाली बघत म्हणाली, "फोनांना एकच माणूस ठेवायला सांगितलं होतं, आई. बाकीचं सगळं गोंगाट समजून पुसलं त्यांनी."

तेवढ्यात हे म्हणाले, "आठवतं ना गं तुला?" आणि थांबले.

सगळ्या बायकांसमोर, मोठ्याने, मी "हो" म्हणाले.