पहिल्या चौकटीतलं नाव

खरं सांगा, भिगवणच्या एका बाईनं लेझरचं भिंग रचलं असं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं पहिलं काय आलं? उजनीचं पाणी, होडी, जाळं, आणि कंबरभर पाण्यात उभी राहून माशावर नेम धरणारी सावळी पोर. आलं ना? लाजू नका, माझ्याही डोळ्यांपुढं तेच आलं. मी तर ते छापूनही मोकळा झालो. पिवळ्या कागदावर पाचशे पत्रकं, वर ठळक अक्षरात: 'जाळं सोडून भिंग धरलं!' साडेतीनशे वाटून झाली, आणि उरलेल्या गठ्ठ्याशेजारी मी चहा पीत बसलो असताना ती बाई, करुणा, स्वतःच आली. एक पत्रक उचललं, उभ्यानं वाचलं.

"दादा, हे कुणी सांगितलं तुमाला?"

"कंपनीच्या पुस्तिकेत हाय की."

"म्हंजे कंपनीशी भांडायचं, आन् माझी गोष्ट मात्र कंपनीकडनंच घ्यायची? व्हय?"

चळवळीतला माणूस मी, तहसीलदारापुढं कधी आवाज खाली न आणणारा; मी उरलेला गठ्ठा हळूच बाकाखाली सरकवला.

"माझा बाप रेल्वेत गँगमन हाय," ती म्हणाली. "आमच्या घरात मासा येतो तो बाजारातनं. त्योबी आई घासाघीस करून आणती."

म्हणून हे पुन्हा लिहितोय. या खेपेला तिच्या वहीवरून, आणि तिला वाचून दाखवून.

करुणा दत्तोबा मिसाळ. भिगवण स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या खोल्यांत वाढलेली. बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी., विषय फिजिक्स. शहाण्णव साली बारामतीच्या एमआयडीसीत भिंगांच्या कारखान्यात लागली. हजेरीपटावर हुद्दा 'हेल्पर'. पदवी असू दे, आडनाव ऐकलं, गाव ऐकलं, बापाचं काम विचारलं, आणि लिहून टाकलं हेल्पर. काम काय, तर सूक्ष्मदर्शकाखाली भिंगं धरून ओरखडे शोधायचे. भिंग म्हणजे आजोबांच्या चष्म्याचं नव्हे. तुरीच्या दाण्याएवढं, प्लास्टिकचं. सीडी वाजवायच्या यंत्रात लेझरचा उजेड गोळा करून तबकडीवर त्याचा बारीक ठिपका पाडतं ते.

अठ्ठ्याण्णव साली नवी तबकडी आली, डीव्हीडी. खरेदीदार कंपनी म्हणाली, गिऱ्हाईक घरात दोन-दोन यंत्रं ठेवणार नाही. जुनी सीडी, सिनेमाची व्हीसीडी आणि नवी डीव्हीडी, सगळं एकाच यंत्रानं वाचलं पाहिजे. दिसायला सगळ्या तबकड्या सारख्याच. पण सीडीत मजकूर एक पूर्णांक दोन दशांश मिलीमीटर जाड प्लास्टिकखाली असतो, आणि डीव्हीडीत त्याच्या निम्म्या जाडीखाली. प्लास्टिकमध्ये शिरताना उजेड वाकतो. पातळ थरासाठी बनवलेलं भिंग जाड थराखाली बघायला गेलं की ठिपक्याचा डाग होतो, आणि यंत्र आंधळं.

डिझाइनचे इंजिनिअर होते मिहिरसाहेब, पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण गप्प बसण्यात तरबेज. त्यांनी दोन भिंगं एका फिरत्या दांडीवर बसवली. तबकडी बघून दांडी फिरायची. चाललं ते. पण दर वेळी खट्ट वाजायचं, आणि काही हजार खट्ट झाले की नेम सरकायचा. खरेदीदारानं नमुना परत पाठवला.

करुणानं अर्धा तास कॉम्प्युटर मागितला. मिहिरसाहेबांनी मॅनेजरकडं बोट दाखवलं. मॅनेजर महिपतराव म्हणाले, "हेल्परला कॉम्प्युटर कशाला? धूळ बसंल."

"कुणावर साहेब? त्याच्यावर का माझ्यावर?"

कॉम्प्युटर मिळाला नाही. मग दोनशे पानी वही, बारावीतलं लॉगच्या टेबलाचं पुस्तक आणि एक कॅल्क्युलेटर, एवढ्यावर तिनं काम सुरू केलं. भिगवण-बारामती एसटीत, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर वही. कंडक्टर रोज चिडवायचा, "ताई, आज तिकीट फाडू का वर्गमूळ काढू?" भिंगाच्या केंद्रापासून कडेपर्यंत वीस ठिकाणं धरली. प्रत्येक ठिकाणी किरण शिरला तर किती वाकेल, बाहेर पडताना किती, आणि तबकडीत कुठं जाऊन पोचेल. एकदा पातळ थरासाठी, एकदा जाड थरासाठी. चाळीस किरण, चार महिने. एका चुकलेल्या उणे चिन्हानं सतरा पानं खाल्ली. ती पानं तिनं फाडली नाहीत, आडवी रेघ मारून ठेवलीत. मी पाहिली आहेत.

वहीतून निघालं ते असं. केंद्राजवळून जाणारे किरण दोन्ही तबकड्यांत जवळजवळ योग्य जागी येतात. अगदी कडेचे किरण जाड तबकडीत इतके लांब फेकले जातात, की वाचणाऱ्या भागावर पडतच नाहीत. त्यांचा उपद्रव नाही. घाण करतात ते या दोघांच्या मधले. ना इकडचे, ना तिकडचे. (आमच्या चळवळीतही हेच आहे, पण तो राग इथं काढत नाही.) मग त्या मधल्यांनाच अडवायचं. भिंगावर केंद्रापासून सव्वा मिलीमीटरवर एक गोल खाच, एक दशांश मिलीमीटर रुंद. तिच्यावर पडलेला उजेड भलतीकडं जाईल. बाकीचं भिंग आहे तसं. दांडी नाही, खट्ट नाही.

जगात ही पहिलीच, असं मी म्हणत नाही, तीही म्हणत नाही. परदेशात मोठमोठ्या कंपन्या याच वाटेनं चालल्या असतील. पण त्यांच्या कागदांनी आमच्या एसटीचं तिकीट काढलं नव्हतं. इथं जे झालं ते हिच्या वहीत झालं.

खाच पाडायला साचा लागतो, तो कोण देणार? तिनं तपासणीच्या फिरत्या टेबलावर भिंग बसवलं, ब्रशचा एकच केस ठेवून ड्रॉइंगच्या काळ्या शाईत बुडवला, आणि भिंग फिरवत खाचेच्या जागी काळं कडं काढलं. अकरा भिंगं वाया गेली. बारावं यंत्रात घातलं. डीव्हीडी चालली. सिनेमाची व्हीसीडी चालली. मिहिरसाहेब म्हणाले, "परत लाव." तीनदा लावायला लावलं. मग हात पुढं केला, "वही दे."

"तितंच चुकले," ती मला म्हणाली. "झेरॉक्स द्यायला पायजे होती."

मग सगळ्यांसमोर दाखवायचा दिवस आला. महिपतरावांनी स्वतःच्या पुतणीच्या लग्नाची तबकडी आणली. ऑफिस गोळा झालं. नवरी दिसेल म्हणून सगळ्यांचे डोळे पडद्यावर, आणि पडद्यावर अक्षरं: 'नो डिस्क'.

"पुतणीचं लग्न गिळलं की गं तुझ्या भिंगानं!" महिपतराव म्हणाले, आणि हशा पिकला.

करुणानं तबकडी काढून खिडकीतल्या उजेडात धरली. पाठ हिरवट-निळी. "साहेब, ही कारखान्यात ठसा मारलेली न्हाय, स्टुडिओत कॉम्प्युटरवर लिहिलेली हाय. हिच्यातला रंग डीव्हीडीच्या नव्या तांबड्या लेझरचा उजेड पिऊन टाकतो, माघारी येऊच देत न्हाय. भिंग कुठलंबी लावा, दिसणार न्हाय. हिला सीडीचा जुना लेझर लागंल, ह्याच्या जोडीला दुसरा."

हशा थांबला. तिनं त्याच दिवशी मिहिरसाहेबांकडून वही परत घेऊन शेवटच्या पानावर लिहून ठेवलं: 'कॉम्प्युटरवर लिहिलेली तबकडी या रचनेत वाचता येणार नाही. दुसरा लेझर आवश्यक.' आपल्या कामाला काय जमत नाही ते स्वतःच्या हातानं लिहून ठेवणारा पुढारी मला दाखवा, मी त्याचं पत्रक फुकट वाटतो.

आठवड्यानं भिंगाच्या नकाशाचा, म्हणजे ड्रॉइंगचा, कागद तयार झाला. कारखान्यातल्या अशा नकाशावर उजवीकडं खाली तीन चौकटी असतात: रचना, रेखाटन, तपासणी. 'रचना'त मिहिरसाहेबांचं नाव आधीच छापलेलं. 'तपासणी' रिकामी. महिपतरावांनी पेन पुढं केलं. "कर सही. हेल्परचं नाव नकाशावर येतंय. एवढा मान कुणाला मिळतो?"

"म्हंजे चाललं तर रचना साहेबांची, आन् लग्न न्हाय दिसलं तर तपासणी माझी?"

"सही करणार का न्हाय?"

"करते की. पहिल्या चौकटीत."

मिहिरसाहेब खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर भिंत होती.

दुसऱ्या दिवशी करुणा पॅकिंगला. तीन महिने खोक्यांना चिकटपट्ट्या लावत राहिली. नोकरी सोडली नाही, सहीही केली नाही. तोवर कंपनीची पुस्तिका निघाली. तिच्यात लिहिलेलं, 'आमच्या एका कामगार भगिनीस मासेमारीच्या परंपरेतून लाभलेल्या उपजत नजरेतून ही कल्पना सुचली.' नाव नाही. भगिनी. आणि उपजत! चाळीस किरण बाईनं पोटातून आणले म्हणे. पुस्तिका वाचून एक बातमीदार भिगवणला तिच्या घरी गेला. करुणा कामावर होती. तो तिच्या आईला, रंगुबाईला, म्हणाला, "मावशी, जाळं घेऊन उभ्या राहा, फोटो काढतो."

रंगुबाई म्हणाली, "जाळं कुठनं आणू बाबा? मच्छरदाणी हाय, धरू का?"

मग खरेदीदाराकडून त्यांच्या इंजिनिअर मंदाकिनीबाई आल्या. केस पांढरे, बोलणं थोडं. नकाशावर बोट ठेवून त्यांनी एकच विचारलं, "खाच सव्वा मिलीमीटरवरच का? एकवर का नाही? दीडवर का नाही?"

मिहिरसाहेबांनी नकाशा स्वतःकडं ओढून पाहिला. वही वाचली होती, पण आडव्या रेघेची सतरा पानं त्यांच्या डोक्यातून गेलेली नव्हती. महिपतरावांनी संधी साधली. "त्याचं असं आहे मॅडम, आमच्याकडची एक मुलगी मासेवाल्याची. पाण्यात मासा दिसतो तिथं नसतो, त्यामुळं..."

मंदाकिनीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मासा सव्वा मिलीमीटरचा होता का?"

मिहिरसाहेब म्हणाले, "करुणाला बोलवा."

ती आली. मनगटात चिकटपट्टीचं रीळ तसंच. प्रश्न पुन्हा विचारला गेला. उत्तर वहीच्या त्र्याऐंशीव्या पानावर होतं आणि तिच्या जिभेवर होतं. तिनं नकाशाकडं बघितलं.

"पहिल्या चौकटीत ज्यांचं नाव हाय, त्यांना विचारा. मी पॅकिंगला असते."

आणि वळली. दारापर्यंत गेली. मागं पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मिहिरसाहेबांनी स्वतःच्या नावावर रेघ ओढली होती आणि वर लिहीत होते.

"अहो साहेब, हे काय करताय?" महिपतराव.

"तीन महिन्यांपूर्वी करायचं होतं ते."

करुणा परत आली. आधी चौकट वाचली. 'दत्तोबा'मधला राहिलेला काना स्वतःच्या हातानं घातला. मग फळ्यापुढं अर्धा तास बोलली. खाच एकवर आणली तर सीडीला उजेड कमी पडतो. दीडवर नेली तर घाण आत येते. मंदाकिनीबाईंनी शेवटी कॉम्प्युटरवर लिहिलेल्या तबकडीचं विचारलं. "न्हाय जमणार," करुणा म्हणाली. "दुसरा लेझर द्या, मग बोलू." बाईंनी तेही लिहून घेतलं.

ही बातमी बारामतीभर झाली. मी फुगलो, पुस्तिका मिळवली आणि ते पिवळं पत्रक काढलं. तिनं कागदावर लढून जी जागा मिळवली, तिथून तिला पुन्हा पाण्यात ढकललं. मी, तिच्या बाजूचा माणूस! महिपतरावाला शिव्या घालायचा माझा हक्क तिथंच निम्मा झाला.

आज, नव्व्याण्णव सरताना, नकाशावर नाव आहे. हजेरीपटावर अजून हेल्पर आहे. पुस्तिकेत अजून मासा आहे. मी विचारलं, "आता पुढं काय करायचं?"

"हुद्द्याचं माझं मी भांडते," ती म्हणाली. "तुमी मासा तेवढा काढा."

ते मला एकट्याला जमणारं नाही. साडेतीनशे पत्रकं माझ्या हातून गेलीत: बारामतीच्या चहाच्या टपऱ्यांत, भिगवणच्या खानावळींत, भवानीनगरला, पिंपळीला. तुमच्या भिंतीवर त्यातलं एखादं असेल तर ते फाडू नका. काढा आणि उलटं करा. मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा, 'रचना: करुणा दत्तोबा मिसाळ', काना न विसरता; आणि जिथं होतं तिथंच पुन्हा चिकटवा.