आहेराच्या साड्यांची अडचण

लेकाचं, धम्मानंदचं लग्न उद्यावर आलं, तरी मालनबाईंच्या आहेराच्या साड्या जमेनात. हिंगोलीहून एकाच दराच्या साड्यांचा गठ्ठा आणलेला. रंग तीनच: मोरपंखी, आंबा आणि राणी. एका घरातल्या दोघींना एक रंग देऊन चालत नसे. मागच्या लग्नात सेनगावच्या दोन जावांना सारखी साडी गेली, तर धाकटी संगिता आमची काय बँडपार्टी केली का म्हणत न जेवताच जीपमध्ये जाऊन बसली. या खेपेला कुणी उपाशी जाऊ नये, एवढंच मालनबाईंना हवं होतं. म्हणून सकाळपासून त्या घड्या हलवत होत्या. गोरेगावच्या मावशीचं जमलं की नणंदांचं बिघडायचं. बाहेरून एखादी साडी आणावी, तर ती निराळी दिसून दुसऱ्याच रुसायच्या.

थोरली लेक ज्योती हैदराबादला कॉम्प्युटरचं संशोधन करायची. कशाचं, ते मालनबाईंना उमगलं नव्हतं. कुणी विचारलं तर अवघड गणितं सोडवती म्हणून सांगायच्या. ज्योतीनं आईच्या सगळ्या अटी लॅपटॉपवर घातल्या आणि लगेच म्हणाली, "आई, हे जमणारच न्हाई."

"सगळ्या तऱ्हा करून बघितल्या व्हय त्यानं? इतक्यात?"

"सगळ्या बघत बसलं तर धम्माला लेकरं होतील. नेमकं कुठं अडतंय ते सापडलं की बास."

तिनं दाखवलं. सेनगावच्या तिघी जावा एका घरात. राणी रंग फक्त विहीणबाईंना, ही आईची अट. म्हणजे तिघींना रंग उरले दोन.

मालनबाईंनी दोन घड्या मांडल्या, तिसरीच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि हसल्या. म्हणजे आपला हात चुकत नव्हता तर.

"मग कोणती अट सोडू?"

"ते त्याला न्हाई कळत. ते तुझं तू बघ."

विहीणबाईंसारखी साडी संगिताच्या अंगावर नको, हे मालनबाईंनी स्वतःपाशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. त्यांनी राणी रंगाची एक घडी उचलून सेनगावच्या पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी संगितानं पदर उलटासुलटा करून पाहिला. "मला काहून राणी?"

"दुसरं जमतच नव्हतं. ज्योतीला विचार."

संगिता विचारायला गेली ती ज्योतीशेजारीच पंगतीला बसली. संगिताच्या पानात बुंदी वाढताना मालनबाईंनी लेकीला हळूच विचारलं, परतीच्या जीपमध्ये कुणाला कुणाजवळ बसवावं, तेपण येतं का त्याला?