निळ्या गाडीचं पांढरं दार

ओमानच्या मसिरा बेटावर माणसाला चेहऱ्यावरून नंतर ओळखत, आधी गाडीवरून. माझी जुनी निळी फोर-व्हील होती आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार तेवढं पांढरं होतं. मूळ दार खाऱ्या हवेने सडलं, मस्कतच्या भंगारात मिळालं ते असं. ते दार मैलावरून दिसे. समोरून येणारा स्टिअरिंगवरची दोन बोटं उचले, मीही उचले, झाला नमस्कार.

मी मासळीच्या बर्फ कारखान्यात मशीन सांभाळायला होतो. बेटावर दोन रिवाज होते. एक, गाडीची किल्ली गाडीतच ठेवायची. कुणाला नड असली तर तो न विचारता न्यायचा आणि काम झालं की आणून लावायचा. दुसरा, रस्त्यात कुणी उभा दिसला तर थांबायचंच. या दोन गोष्टींवर ते बेट चालत होतं.

मग गेस्ट हाऊस निघालं. वाऱ्यावर फळ्या घेऊन लाटांत खेळायला आणि कासवं बघायला परदेशी पाहुणे येऊ लागले, आणि मॅनेजर म्हणून आला आपलाच माणूस, पुण्याचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. गोड बोलायचा, पण समोरच्याच्या मागे काय काय आहे ते बघत बोलायचा. फेरीबोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने गाडी मिळत नाही, हे त्याने आठवड्यात हेरलं. दुसऱ्या आठवड्यात माझी गाडी वाळूने भरलेली परत आली. मागच्या सीटवर ओला टॉवेल होता.

मी गेस्ट हाऊसवर जाऊन त्याला गाठलं. "तुम्हाला भाजी आणायला लागली तर न्या. पाहुण्यांना द्यायची नाही."

"अहो, दिवसभर उन्हात पडून तर असते," तो म्हणाला. "बाहेरच्या देशांत हल्ली असंच चालतं. आपली गाडी दुसऱ्याला, दुसऱ्याची आपल्याला. शेअरिंग म्हणतात."

"तुमची कुठली गाडी मी न्यायची?"

तो हसला. त्याच्याकडे गाडी नव्हतीच. लोकांच्या गाड्या पाहुण्यांना जोडून देण्यासाठी त्याने मोबाइलवर ग्रुप काढला होता, त्यात माझ्या गाडीचा फोटोही टाकला होता, मला न विचारता. पाहुण्यांकडून काय घेत असे ते त्याचं त्याला ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून मी किल्ली खिशात ठेवू लागलो. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर म्हातारा आला. हा बेटावरचाच मासेमार होता. आयुष्यभर आपल्याकडच्या खलाशांबरोबर काम केलेला, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. मी त्याला बाबा म्हणे, तो मला वलदी म्हणे, म्हणजे पोरा. माझं सगळं त्याच्यावर अडलं होतं. बायको आणि चार वर्षांची मुलगी रत्नागिरीत होत्या. त्यांना आणायची परवानगी कंपनीने दिली होती, पण घर मी शोधायचं, या अटीवर. कारखान्याच्या कॅम्पात सगळे एकटे पुरुष. अख्ख्या बेटावर परक्या बाईमाणसाला घरात घ्यायला तयार झालेला एकच माणूस होता, तो हा. त्याने मागची खोली आणि वेगळी मोरी देऊ केली होती. बायकोने अंगणवाडीतलं काम सोडलं. मुलगी शेजारीपाजारी सांगत सुटली की मी आता कासवांकडे राहायला जाणार.

"वलदी," म्हातारा म्हणाला, "चाबी काय को निकालता? इदर चोर कौन है?"

मी काय सांगणार होतो? आमच्यातलाच आहे म्हणून? किल्ली मुकाट्याने गाडीत ठेवली.

जूनमध्ये वारा सुटला आणि पाहुणे वाढले. एके दुपारी मशीनवरून बाहेर आलो तर गाडी जाग्यावर नाही. संध्याकाळी परत आली, टपावर फळ्या बांधलेल्या दोरीचे वळ उठले होते. मी मॅनेजरला फोनवर जे ऐकवायचं ते ऐकवलं. "लागली का कुठे? नाही ना? मग झालं तर," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन दिवसांनी खोलीला चुना लावायचं विचारायला म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने आत बोलावलं नाही.

"कमरा नई है, रफीक."

रफीक हे तिथे कुठल्याही अनोळखी भारतीय माणसाला म्हणतात. का, म्हणून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. परवा दुपारी दक्षिणेच्या रस्त्यावर त्याची पिकअप बंद पडली होती. बरोबर म्हातारी होती. लांबून पांढरं दार दिसलं तेव्हा तिला तो म्हणाला होता, उठ, आपला पोरगा आला. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवू लागला. गाडी त्याला वळसा घालून निघून गेली, आणि जाताना आतल्यांनी हसत हसत हात हलवले. संध्याकाळी पाण्याचा टँकर येईपर्यंत म्हातारी गाडीच्या सावलीत पडून होती. अजून अंथरुणातून उठली नव्हती.

"मी नव्हतो बाबा. मॅनेजरचे पाहुणे होते. मी कारखान्यात होतो, कुणालाही विचारा."

"आदमी मैं नई देखता," तो म्हणाला. "गाडी देखता. गाडी तुमारा."

मी मॅनेजरला ओढत तिथे नेणार होतो. तो म्हणाला, "कशाला उगाच जुनं उकरता? म्हाताऱ्याचा राग निवळेल." निवळला नाही. मी चार वेळा गेलो, चारही वेळा बाहेरूनच परतलो. बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला तुम्हीच सांगा."

पुढच्या महिन्यात ती खोली गेली. मॅनेजरला, पाहुण्यांसाठी. म्हाताऱ्याला मी फाटकात अडवून विचारलं, दुसरा कुणी मिळाला नाही? त्याचं सरळ उत्तर होतं. त्या माणसाची गाडी आमच्यासमोरून न थांबता कधी गेली नाही.

त्या खोलीत सामान हलवायच्या दिवशी मॅनेजर कारखान्यावर आला. माझ्या गाडीचं पांढरं दार उघडून त्याने आत हात घातला आणि माझ्याकडे वळला.

"किल्ली नाही हो आत."

"नाही. माझ्या खिशात आहे."

"या बेटावर असं करतं का कुणी?" खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड करून तो म्हणाला.

मग म्हाताऱ्यानेच आपली पिकअप काढली. गाद्या आणि पंखे बांधून ते दोघे माझ्या मुलीच्या खोलीकडे निघाले. मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा होतो. म्हाताऱ्याने बोटं उचलली नाहीत, वेगही कमी केला नाही. शेजारी बसलेल्या मॅनेजरने मात्र खिडकीतून हसत हात हलवला.